जमादार आणि कोंडखारची पुळण

मेंढरं विकली त्या दिवसापासून जमादारनं खाणं सोडलं.

जमादार म्हणजे सत्यशीलाच्या वडलांचा, आप्पांचा कुत्रा. उंच, सडसडीत, राखाडी अंगाचा. खुलताबादच्या डोंगरावर आप्पांचा कळप त्याच्या जिवावर चरायचा. बाकीच्यांची कुत्री राखण करायची, लांडग्याचा वास आला की भुंकायची. हा मात्र कळप वळवायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मेंढरं फुटून पांगली की हा पोट जमिनीला लावून लांबून वळसा घ्यायचा, आणि बघता बघता सगळी एका जागी गोळा व्हायची. रुबाब सगळा पोलीस ठाण्यातल्या जमादाराचा, म्हणून आप्पांनी ते नाव ठेवलं होतं.

आप्पांचे गुडघे गेले आणि धाकटा मुलगा गोकुळ बिडकीनला कंपनीत लागला. डोंगरावर जायला कुणी उरलं नाही. शेवटी एका सकाळी सगळा कळप टेम्पोत चढला. जमादार त्या टेम्पोमागं डांबरी रस्त्यानं धावत गेला आणि दिवस कलताना सोललेल्या पायांनी परत आला. मग तो रिकाम्या वाघरीत जाऊन बसायला लागला. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. त्याच्या आत लेंड्यांशिवाय काही राहिलं नव्हतं, तरी हा तोंड बाहेर करून राखणीला बसायचा. आप्पांना ते बघवेना. त्यांनी लेकीला फोन केला. इथं राहिला तर मरेल, तू घेऊन जा, एवढंच म्हणाले.

सत्यशीला शहरात, हर्सूलच्या पुढं नव्या वसाहतीत राहायची. घराच्या पुढच्या खोलीत तिची पिठाची गिरणी होती, आणि नवरा रामप्रसाद स्वतःची सात सीटची गाडी भाड्यानं चालवायचा. लग्नाआधी ती आप्पांच्या कळपापुढं चालायची, पण त्याला आता पंचवीस-तीस वर्षं झाली होती. मेंढरांचा वासही ती विसरली होती. जमादार आला आणि फाटकाशी तोंड करून पडून राहिला. भाकरी टाकली की हुंगायचा आणि मान फिरवायचा. बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा तिनं जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं तपासलं आणि आजार काही नाही, त्याला काम नाही हाच त्याचा आजार, असं सांगितलं. कुठं मोकळ्यावर नेऊन आणा, हवापालट करा, असंही म्हणाला.

रामप्रसादनं ती गोष्ट मनावर घेतली. त्याला समुद्र दाखवायचा होता. लग्न झालं तेव्हापासून तो बायकोला समुद्र दाखवणार होता, पण दरवेळी गाडीला गिऱ्हाईक मिळायचं आणि बेत राहून जायचा. आता कुत्र्याचं निमित्त झालं. शेजारणी हसल्या. माणसांना सुट्टी नाही आणि कुत्रा निघाला समुद्रावर, असं त्या म्हणाल्या. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीनं, तनुजानं, फोनवर शोधाशोध करून कोकणातलं एक घर ठरवलं. कुत्रं म्हटलं की सगळे नाही म्हणत होते. कोंडखार नावाच्या लहानशा गावातली एक बाई मात्र हो म्हणाली. कुत्रा कसला आहे, एवढंच तिनं विचारलं होतं. मेंढरांचा आहे म्हटल्यावर म्हणाली, या.

घाट उतरताना सत्यशीलाचे कान गच्च झाले. कोंडखारला पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गाव टेकडीच्या उतारावर वसलेलं होतं. खाली माडांची आगरं, त्यापुढं सुरूची झाडं, आणि त्यापलीकडं वाळूची लांबलचक पुळण. गावातून पुळणीकडं जांभ्या दगडांची पायऱ्यांची वाट उतरत होती. तिला तिथं पाखाडी म्हणायचे. दोन्ही अंगांना घरं होती. निम्मी उघडी, निम्मी कुलपं लावून मुंबईला गेलेल्यांची.

घराची मालकीण शेवंतीकाकू साठीच्या पुढची, बारीक, कामाला चपळ. ओटीवर तिची सासू लाडूबाई बसून होती. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिचं तोंड कायम खाली समुद्राकडं असायचं. सत्यशीलानं तिच्या पायांना हात लावला तर म्हातारीनं आधी जमादारच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला. जमादार कुणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी उभा राहिला.

चहा घेऊन तिघं पुळणीवर गेली. सत्यशीला नुसती बघत राहिली. एवढं पाणी आणि त्याला पलीकडचा काठच नाही, हे तिच्या डोळ्यांत मावेना. रामप्रसाद पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. जमादारही धावला. कितीतरी दिवसांनी तो असा धावत होता. कान मागं, शेपूट सरळ. सत्यशीलाला वाटलं, आलो हे बरं झालं.

तिला एका गोष्टीचं मात्र नवल वाटत होतं. वाटेत त्यांनी दोन-तीन ठिकाणी गाडी थांबवली होती, तिथं प्रत्येक किनाऱ्यावर भटकी कुत्री होती, वाळूत खड्डे करून पडलेली. इथं एकही नव्हतं. गावात होती, पाखाडीवर होती, पण सुरूच्या झाडांपाशी येऊन थांबत होती.

ओहोटी लागली होती. पाणी मागं सरत होतं आणि ओली वाळू उघडी पडत होती. पुळणीच्या मधोमध एक उथळ डबकं होतं, गोल, थाळीसारखं. जमादार धावता धावता त्याच्या अलीकडं थांबला. कान उभे झाले. मग त्याचं पोट खाली गेलं.

सत्यशीलाच्या अंगावर काटा आला, कारण एकदा माहेरी गेली असताना तिनं डोंगरावर ते पाहिलं होतं. जमादार हळूहळू उजवीकडं सरकला, पाण्याच्या काठानं लांबून वळसा घेतला आणि पलीकडून आला. मग थांबला. मग उलट अंगानं तसाच वळसा. मधेच आत घुसायचा, एखाद्या हट्टी मेंढीच्या मागच्या पायाला तोंड लावल्यासारखं करायचा आणि पटकन मागं व्हायचा. म्हाताऱ्या मेंढीला वेळ द्यायचा तसा कुठंतरी थांबायचा. तो कळप वळवत होता. आणि तिथं वाळूशिवाय काही नव्हतं.

रामप्रसादला गंमत वाटली. त्यानं फोन काढून ते टिपलं. बिचाऱ्याला मेंढरांची सय येतीय, म्हणाला.  सत्यशीला पक्ष्यांकडं बघत होती. पाण्याच्या कडेनं बारके पांढुरके पक्षी लगबगीनं चालत होते, वाळूत चोच मारत. डबक्याच्या अलीकडं आले की ते सगळे एका ओळीत वळायचे, एखाद्या गर्दीला बगल द्यावी तसे लांबून फिरायचे, आणि पलीकडं गेल्यावर पुन्हा सरळ चालायला लागायचे.

तिनं हाक मारली. जमादारनं ऐकलं नाही. अंधारून यायला लागलं तेव्हा रामप्रसादनं त्याला गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढत आणला. त्याच्या पंजांतून रक्त येत होतं. घरी आल्यावर मात्र त्यानं दोन भाकऱ्या आणि माशाचा रस्सा चाटूनपुसून खाल्ला आणि ओटीवर लाडूबाईच्या पायाशी झोपला. रामप्रसाद खूश झाला. डॉक्टरचं खरं निघालं, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जमादार स्वतःच निघाला. सत्यशीला त्याच्यामागं गेली. पुन्हा तेच. पायाला फडकं बांधलं होतं, ते कधीच सुटून गेलं. तो वळवत होता, गोळा करत होता, आणि शेवटी समोर येऊन उभा राहून तिच्याकडं बघत होता. तोंडातून बारीक रडका आवाज येत होता. मग पुन्हा वळसा. दमून वाळूत पडायचा, जिभेला वाळू चिकटायची, आणि पुन्हा उठायचा. भरती येऊन डबकं बुडालं तेव्हाच तो थांबला.

तिनं आप्पांना फोन लावला. जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. आप्पांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"तोंड कुणीकडं मोकळं ठिवतो?" त्यांनी विचारलं.

"गावाकडं. पाण्याच्या अंगानं फिरतो, गावाकडची बाजू मोकळी सोडतो."

"मंग पाण्यापास्नं काढतोय त्यो."

"पर तिथं काय नाय, आप्पा."

"तुला काय नाय," आप्पा म्हणाले. "कुत्रं वळवतं, बाई. चालवायला म्होरं माणूस लागतं. त्यो तुझ्याकडं बघतोय ना, ते त्याच्यासाठी बघतोय."

दुपारी शेवंतीकाकू अंगणात मासे साफ करत होती, तेव्हा सत्यशीला तिच्याजवळ जाऊन बसली. डबक्याचं विचारलं. काकूचे हात थांबले. आम्ही तिथं जात नाही, एवढंच म्हणाली. मग ओटीवरून लाडूबाईचा आवाज आला. सांग तिला, तिचा कुत्रा बघतोय तर तिला कळायला हवं.

काकूनं सांगितलं ते असं. मोठ्या लढाईच्या काळातली गोष्ट. लढाई कुठं दूर चालली होती, कोंडखारला तिची झळ फक्त रेशनला लागत होती. पण दूर समुद्रात जहाजं बुडत होती आणि त्यांच्यातलं काय काय वाहून किनाऱ्याला लागत होतं. कधी लाकडाच्या फळ्या, कधी बिस्किटांचे पत्र्याचे डबे, एकदा तर तुपासारख्या कशाचं तरी पिंप. गावाला ते देवानं दिल्यासारखं वाटायचं. असंच एका सकाळी ओहोटीला एक मोठा लोखंडी गोळा वाळूत रुतलेला दिसला. माणसाच्या कमरेएवढा उंच, अंगावर शिंगं असलेला. कुणी म्हणालं तेलाचं पिंप, कुणी म्हणालं शिंगं पितळेची आहेत. दोर आले, पहारी आल्या. सगळी वाडी जमली. घरटी एक तरी माणूस तिथं होता, कुठं दोन, कुठं बाप आणि पोरगा.

लाडूबाई तेव्हा सहा वर्षांची, याच घरातली लेक, नवरा पुढं घरजावई म्हणून आला. आईनं तिला बापाला जेवायला बोलावून आण म्हणून पाठवलं होतं. ती सुरूच्या झाडांपाशी उभी राहिली. वाळू तापली होती म्हणून पुढं गेली नाही. तिथूनच तिनं हाक मारली. बापानं वळून हात वर केला, आलो म्हणून. तेवढ्यात कुणीतरी शिंगावर हातोडा घातला.

"तो समुद्रातला सुरुंग होता," काकू म्हणाली. "वेगळं करायला काय उरलंच नाय. सगळ्यांचं एकच क्रियाकर्म केलं. कोण कुठला, कुणाला कळलं नाय."

त्या खड्ड्याचं ते डबकं. किती भरत्या आल्या आणि गेल्या, वाळूनं ते भरलं नाही. गावातली कुत्री तिकडं जात नाहीत. म्हातारी माणसं सांगायची, की ती माणसं अजून तिथंच उभी आहेत. त्यांना काही झालंय हेच त्यांना ठाऊक नाही. गोळा कधी उघडतोय त्याची वाट बघत उभी आहेत.

सत्यशीलानं ओटीकडं पाहिलं. लाडूबाईचं तोंड समुद्राकडं होतं. जमादार तिच्या पायाशी पंजे चाटत पडला होता.

रामप्रसादला हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं सामान बांधायला घेतलं. आत्ताच्या आत्ता निघू, म्हणाला. सत्यशीला म्हणाली, उद्या सकाळी निघू. तिचा आवाज असा होता की त्यानं पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, "त्यानं दोन दिस मेहनत केलीय. पाय सोलून घेतलेत. आता त्याला अर्ध्यात ओढून न्हेलं तर त्यो घरी येऊन मरंल. मी म्होरं चालते. मला येतंय ते."

तुला भीती वाटत नाही का, असं त्यानं विचारलं. लई वाटते, असं ती म्हणाली.

शेवंतीकाकूला तिनं स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. काकूनं तिच्याकडं बघितलं, पदराला हात पुसले आणि बाहेर पडली. सत्यशीलानं ओटीवरून पाहिलं, तर ती पाखाडीवरच्या एकेका उघड्या घरात जात होती, दारात दोन शब्द बोलून पुढच्या घरी जात होती. कुणी तिला प्रश्न विचारल्याचं दिसलं नाही.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा सत्यशीला पुळणीवर उतरली. रामप्रसादला तिनं सुरूंपाशी थांबवलं. ओहोटी होती. डबक्यातलं पाणी लाल दिसत होतं आणि त्याच्या आसपास वारा लागत नव्हता. तिचा पदर हलायचा थांबला तेव्हा तिला ते कळलं. जमादारनं लांबून वळसा घेतला. ती डबक्याच्या अलीकडं, गावाच्या बाजूला, त्याच्या समोर उभी राहिली. तिला दुसरं काही दिसत नव्हतं. फक्त समोरची हवा उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्यासारखी हलत होती, आणि लोखंडाचा, ओल्या दोराचा आणि घामाचा वास येत होता.

जमादार समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं तिच्याकडं बघितलं.

तिनं पाठ फिरवली. जिभेनं टाळूवर ट्र्र, ट्र्र असा आवाज काढला. पंचवीस-तीस वर्षांत तो काढला नव्हता, तरी तोंडाला तो आठवत होता. आणि ती चालायला लागली. कळपापुढं चालणारानं मागं वळून बघायचं नसतं, हे आप्पांनी तिला सगळ्यात आधी शिकवलं होतं. तू थांबलीस की समदं थांबतं, तू बघितलंस की समदं बुजतं.

काही पावलं मागं काहीच नव्हतं. फक्त जमादारचा धापा टाकण्याचा आवाज, कधी उजवीकडून, कधी डावीकडून. मग ओली वाळू दबल्याचा आवाज आला. एका पायाचा, मग पुष्कळ पायांचा. कुणीतरी खाकरलं. कुणाच्या तरी हातातली पहार वाळूवर घासत येत होती. एका पोराच्या पावलांचा आवाज मधेच पळत पुढं यायचा, आणि जमादार गुरगुरला की मागं जायचा. तिच्या मानेवर गार, खारट वाफ लागत होती. तिच्या दातांवर दात आपटत होते, तरी ती ट्र्र, ट्र्र करत राहिली.

सुरूंपाशी रामप्रसाद उभा होता. तो तिच्याकडं नाही, तिच्या मागं बघत होता. मग त्यानं डोळे मिटले आणि एका झाडाला धरून बाजूला झाला, वाट देण्यासाठी व्हावं तसा.

पाखाडीवर दिवे लागले होते. उघड्या घरांची दारं सताड उघडी होती. प्रत्येक उंबऱ्याशी पाण्याची घागर किंवा बादली ठेवलेली होती, आणि आत माणसं माना खाली घालून उभी होती. पहिल्या घरापाशी जमादारनं डाव्या अंगानं एक छोटा वळसा घेतला. सत्यशीलाच्या मागून दोन पावलं कळपातून निघाली आणि उंबरा चढली. आत कुणीतरी हुंदका दिला. ती चालत राहिली. पुढच्या घराशी एक. त्याच्या पुढच्या घराशी तीन, त्यात पोराची धावती पावलं. कुलपं लावलेल्या घरांपाशीही जमादार थांबत होता. तिथं पावलं ओट्यावर चढायची आणि कुणीतरी दमून टेकल्यासारखा आवाज यायचा. मागचा आवाज हळूहळू विरळ होत गेला.

शेवंतीकाकूच्या अंगणात ती पोचली. ओटीवर लाडूबाई ताठ बसली होती. तिनं मान वर केली आणि सत्यशीलाच्या खांद्यावरून मागं, कुणाला तरी म्हणाली, "पाय धुऊन घ्या. भात निवला."

उंबऱ्याशी ठेवलेल्या बादलीतलं पाणी हललं. तांब्या कलंडला आणि पायरीवरून पाणी ओघळत खाली आलं. त्यात वाळू होती.

काकूनं पदर तोंडावर घेतला. लाडूबाई बाजूला सरकली आणि तिनं आपल्याजवळची जागा हातानं झाडली. बराच वेळ ती तशीच त्या जागेवर हात ठेवून बसली होती. तिच्या तोंडावर जे होतं ते सत्यशीलाला नीट बघवलं नाही, म्हणून ती अंगणात वळली.

जमादार अजून बसला नव्हता. तो अंगणाच्या कोपऱ्यात, तुळशीच्या पलीकडं, कान उभे करून उभा होता आणि एका जागेकडं बघत होता. मधूनच तो सत्यशीलाकडं बघायचा. काम अर्धवट राहिलं की तो असंच करायचा. एक मेंढरू जरी बाहेर राहिलं तरी वाघरीच्या तोंडाशी असा उभा राहायचा, आत यायचा नाही.

तिनं काकूला सांगितलं, एक राहिलाय. काकूनं मनात घरं मोजली, सगळ्या घरांतले आले होते. लाडूबाई म्हणाली, "घोंगडीवाला."

त्या वर्षी गावात एक घोंगड्या विकणारा आला होता. घाटावरचा, तुमच्याकडचाच असावा, तुमच्यासारखं बोलायचा, म्हातारी म्हणाली. तरणा होता. लाडूबाईच्या बापाच्या ओटीवर घोंगड्यांचा गठ्ठा ठेवून तो गोळा बघायला इतरांबरोबर पुळणीवर गेला होता. त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या घरी कुणी कळवलं नाही, कारण कुठं कळवायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घोंगड्या मग गावानं वाटून घेतल्या.

रात्रभर जमादार अंगणात त्या कोपऱ्यात बसून राहिला. सकाळी रामप्रसादनं गाडी अंगणाशी आणली. जमादार नेहमीसारखा उडी मारून चढेना. मागच्या दाराशी उभा राहिला आणि हटेना. सत्यशीला काही बोलणार, तेवढ्यात रामप्रसादनंच मागचं दार उघडलं. शेवटची सीट दुमडलेली होती, ती त्यानं सरळ केली. वर पडलेल्या पिशव्या उचलून पुढं ठेवल्या, आणि दार धरून उभा राहिला. जमादार खाली थांबला, जरा बाजूला झाला, मग आत चढून सीटच्या पायाशी बसला. रामप्रसादनं दार हळू लावलं.

निघताना लाडूबाई झोपलेली होती. एवढ्या उशिरापर्यंत ती कधी झोपत नाही, काकू म्हणाली. सत्यशीलाला तिनं ओटी भरून नारळ दिला आणि हात सोडेना.

घाट चढताना गाडी जड चालत होती. रामप्रसादनं गिअर बदलला, आरशात एकदा मागं बघितलं आणि आरसा वर वळवून ठेवला. पुण्याच्या अलीकडं ते जेवायला थांबले, तेव्हा सत्यशीलानं एक भाकरी आणि कांदा कागदात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला.  नगर मागं पडल्यावर गाडीत घोंगडीचा वास यायला लागला. लोकरीचा, धुराचा, शेळीच्या दुधाचा. तो तिच्या लहानपणाचा वास होता, आणि कितीही प्रयत्न केला तरी तिला त्याची भीती वाटेना.

कायगाव टोक्याचा गोदावरीचा पूल ओलांडला आणि जमादार उठला. काचेला नाक लावून उजवीकडं बघायला लागला. थोडं पुढं गेल्यावर त्यानं तोच रडका आवाज काढला. रामप्रसादनं गाडी कडेला घेतली. दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना कापसाच्या पळाट्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या मधून एक बैलगाडीची वाट आत शेतांकडं, दूरच्या बोडक्या टेकाडाकडं गेली होती. माणूसकाणूस दिसत नव्हतं.

रामप्रसाद उतरला आणि त्यानं मागचं दार उघडलं. जमादार उतरला. मग त्या वाटेनं निघाला, धावत नाही, चालत, कुणाच्या तरी पायाला पाय लावून चालावं तसा, शेपूट वर करून. बाभळीपर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या पुढं वाटेवरचा फुफाटा जरा जरा उडत टेकाडाकडं जात होता. वारा नव्हता. तो फुफाटा टेकाडाच्या आड जाईपर्यंत जमादार तिथंच उभा होता.

कागदातली भाकरी सीटवर तशीच होती. ती जमादारनं परत आल्यावर खाल्ली.

रामप्रसाद दार धरून अजून त्या वाटेकडं बघत होता. सत्यशीलानं त्याला हाक मारली. तो म्हणाला, "त्याला गाव ठाऊक असंल ना गं? इतकी वर्षं झाली. समदं बदललंय."

"टेकाड तर तेच आसंल," सत्यशीला म्हणाली.

तो मान हलवून गाडीत बसला. हर्सूल येईपर्यंत जमादार सबंध सीटवर पाय पसरून झोपला होता, आणि झोपेत त्याचे पाय जरासुद्धा हलत नव्हते.